ओला बरसीम

आमच्या घरी आल्यावर चौथ्या दिवशी सशानं माझ्याकडे पाठ केली तेव्हा मला आधी हसूच आलं. मी शाहंदाच्या खोलीत केर काढायला गेले होते. तो पलंगाखालून बाहेर आला, मला एकदा नीट पाहून घेतलं, मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला, आणि मग सावकाश वळून भिंतीकडे तोंड करून बसला. अंगाचा रंग तिळाचा, म्हणून नाव सिमसिम. अक्कल तिळाएवढी आणि ऐट पाशाची. कमरेवर हात ठेवून मी त्याच्या त्या गोल, फुगीर पाठमोऱ्या रूपाकडे पाहत हसले, आणि मध्येच थांबले. आदल्या संध्याकाळी जेवताना शाहंदाच्या ताटात भात वाढायला मी हात पुढे केला, तेव्हा तिनंही ताट आपल्याकडे ओढून घेतलं होतं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली होती. पाय मात्र आपटला नव्हता. आपटला असता तर बरं झालं असतं, काहीतरी आवाज तरी झाला असता. मी केर तसाच टाकला, स्वयंपाकघरात आले, नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

शाहंदा अकरा वर्षांची आहे. माझी नाही, रुश्दीच्या पहिल्या बायकोची. घटस्फोटानंतर ती आईकडे होती. आईनं दुसरं लग्न केलं आणि ती शारजाला गेली, तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मुलगी आईच्या आईकडे गेली. या सप्टेंबरात ती म्हातारी वारली आणि मुलगी आमच्या शुब्रातल्या घरी आली. दोन बॅगा आणि एक पिंजरा. ससा आईनं जायच्या आदल्या आठवड्यात घेऊन दिला होता. मला ती ‘तांत’, म्हणजे काकू, म्हणायची, वाण्याच्या बायकोला म्हणतात तसं, दंतवैद्याकडच्या बाईला म्हणतात तसं, आणि ‘तुम्ही’ म्हणायची. ‘तांत, तुम्ही दिवा बंद करता का?’ ‘तांत, तुम्ही दार लावून घ्या.’ इतकी शिस्त की चिमटा काढावासा वाटे. माझं लग्न एकेचाळिसाव्या वर्षी झालं, तोवर मी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं हगणंमुतणं काढत होते. लग्नानंतर एकदा दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले. डॉक्टरीण चष्मा पुसत म्हणाली, आता फार आशा धरू नका. मी आशा धरली नाही, आणि मग सप्टेंबरात दार वाजलं. रुश्दी बॅगा आत घेत होता, आणि मागं जिन्यात ही मुलगी पिंजरा छातीशी धरून उभी होती, मोजे घसरलेले. मला ती हवी होती. हे असं कुणाला बोलून दाखवत नाहीत, पण भुकेल्या माणसाला भाकरी हवी असते तशी मला ती हवी होती, आणि भुकेल्या माणसाचे डोळे कसे दिसतात ते समोरच्याला लगेच कळतं.

पहिलं खोटं मी त्याच आठवड्यात बोलले. वरच्या मजल्यावरची उम्म हातेम ओढणीचा काठ शिवून घ्यायला आली होती. मी घरीच शिवणकाम करते, नवरीचे झगे, शाळेचे गणवेश, काय येईल ते. रुश्दी चहा पीत होता. सिमसिम दिवाणखान्यातून उड्या मारत गेला आणि उम्म हातेमचे डोळे लकाकले.

“अगं बाई इन्शिराह, हा तर अडीच किलोला भरेल! आणि तू त्याला गर्गीरच्या पाल्याची जुडी काय चारतेस? मुलुखियाची पातळ भाजी शिजव, लसणाची फोडणी दे, आणि हा त्यात सोड. नवरा जन्मभर पदर सोडणार नाही तुझा.”

“गप्प बसा हो, मुलीचा आहे तो,” मी म्हणाले, पण उशीर झाला होता. शाहंदा दारात उभी होती. चेहरा पांढरा पडला होता. तिनं उम्म हातेमकडे पाहिलंच नाही, थेट माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही ससे खाता?” तिनं विचारलं. या घरात तिनं आपणहून विचारलेला तो पहिला खराखुरा प्रश्न.

“मी? छे! शी!” मी म्हणाले. “आम्ही मन्सूरा शहरातले. आमच्याकडे कोण ससे पाळतंय? मी तर जन्मात ससा हातात धरलेला नाही.”

रुश्दीला चहाचा ठसका लागला. उम्म हातेम गेल्यावर तो माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. “काय हो मन्सूरा शहरातल्या बाईसाहेब,” तो म्हणाला, “साखरपुड्याला तुमच्या गच्चीवर मी काय खाल्लं होतं? कबूतर?”

“हळू बोला.”

“अगं, अकरा वर्षांची पोर ती, न्यायाधीश नव्हे. एवढं घाबरून खोटं कशाला बोलायचं?”

तो दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासतो. त्याला वाटतं, समोर काच धरली की दिसतंच सगळं. न्यायाधीशाला मी घाबरले नसते.

आमचं गाव मन्सूरापासून अर्ध्या तासावर, कालव्याच्या काठाला. गच्चीवर आईचे पंचवीस-तीस ससे. खुराड्यांची उतरंड, खाली लेंड्या, वर वाळत घातलेले कपडे, आणि सगळ्याला मुताचा तो उग्र, आंबट वास, जो शाळेत गेले तरी माझ्या केसांना यायचा. पाहुणा आला की आई मला वर पाठवायची. मीही तेव्हा अकरा-बाराचीच असेन. पहिल्यांदा तिनं माझा हात धरून शिकवलं. डाव्या हातात मागचे पाय, डोकं खाली, उजव्या हाताची कड कानामागे, एकच फटका. पण त्याआधी कुरवाळायचं. ‘आधी कुरवाळ,’ आई म्हणायची, ‘घाबरलेल्याचं मांस कडू लागतं. तुझ्या मांडीवर डोळे मिटले की मगच उचल.’ म्हणून मी कुरवाळायला शिकले ते तिथं. कानाच्या मुळाशी, कपाळावर दोन बोटांनी, हळू, हळू. माझ्या हाताला ससे लवकर डोळे मिटायचे. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, आमच्या इन्शिराहच्या हाताला गुण आहे. इतक्या वर्षांत मी माझ्या त्या हातांचा कधी विचारसुद्धा केला नव्हता. पण शाहंदानं तो प्रश्न विचारला त्या रात्रीपासून मी माझे हात मांडीखाली दाबून झोपायला लागले.

तिनं मला ससा शिकवला तो रागावून. एका दुपारी तो माझ्या मशीनखाली शिरला आणि पायपट्टीची वायर कुरतडायला लागला. मी सवयीनं वाकून, मानेमागून धरून त्याला उचलला. असा तडफडला की नखांनी माझं मनगट सोलून निघालं. शाहंदा धावत आली आणि किंचाळली, “वरून नाही! वरून नाही धरायचं!”

“वायर तोंडात होती त्याच्या. करंट लागला असता.”

“मग वायर झाकून ठेवायची. वरून हात आला की त्याला वाटतं घार आली. उचललं की त्याला वाटतं आता मेलो.” तिनं तो जमिनीवर सोडला. तो दिवाणाखाली गेला आणि तिथून एकदा, दोनदा, तीनदा पाय आपटल्याचा आवाज आला. “आता आठवडाभर यायचा नाही तुमच्याकडे.”

“तसाही कुठं येतो,” मी म्हणाले. मनगटावर रक्ताचे बारीक मणी उभे राहिले होते. तिला ते दिसले, आणि ती जराशी नरमली. “मग काय करायचं मी?”

“काही नाही करायचं. खाली बसायचं. त्याच्याकडे बघायचं नाही. तुमचं काहीतरी काम करत राहायचं. त्याला वाटलं तर तो येईल.”

“आणि नाही वाटलं तर?”

“तर नाही.”

“तुझ्याकडे यायला किती दिवस लागले?”

“दोन महिने.” तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. “तुम्हाला जास्त लागतील. तुमचे हात घाई करतात.”

ती हे कुणाबद्दल बोलली ते तिला कळत नव्हतं, की कळत होतं, मला अजून ठरवता येत नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून, ती शाळेत आणि रुश्दी दुकानात गेला की, फरशीवर फतकल मारून बसायला लागले. एका नवरीच्या झग्याला सात मीटर घेराची झालर लावायची होती, ती मी हातानं, जमिनीवर बसून लावली. गुडघे दुखायचे. दिवाणाखाली दोन डोळे, आणि मी झालरीकडे बघत टाका घालतेय, एक टाका, दुसरा टाका, मान वर करायची नाही. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी झगा कुणीतरी ओढतंय असं वाटलं. पाहिलं तर तो साटिनची कड चावत होता. मी ओरडले नाही. टाळी एकदाच वाजवली, तो थबकला, मी गर्गीरचा देठ बाजूला ठेवला, तो झालर सोडून देठाकडे गेला. शाहंदानं वहीचा कागद फाडून, त्यावर सशाचे नियम आणि प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर लिहून, दाराला चिकटवला होता, ही युक्ती त्यातली. दात लागले तर ओरडायचं नाही, दुसरा ससा दुखल्यावर करतो तसा बारीक आवाज काढायचा, मग त्याला कळतं. मी बेचाळीस वर्षांची बाई रिकाम्या घरात फरशीवर बसून सशासारखी चिंऽ करत होते, आणि खरंच तो दात आवरायला शिकला. दिवाणाच्या कोपऱ्यात मुतायचा, तर तिथला भिजलेला कागद मी त्याच्या पेटीत नेऊन ठेवला आणि पेटीच त्या कोपऱ्यात सरकवली; त्याचा हट्ट राहिला आणि माझा दिवाणही. पायपट्टीच्या वायरीवर मी बागेच्या नळीचा तुकडा चढवला. पंधराव्या की सोळाव्या दिवशी तो माझ्या पावलाभोवती गोल फिरला आणि हनुवटी माझ्या अंगठ्याला घासून गेला. कागदावर लिहिलेलं होतं, हनुवटी घासली म्हणजे ही वस्तू माझी. मी वस्तू झाले याचा मला एवढा आनंद झाला की टाका चुकला.

आणि मग एक दिवस तो माझ्या मांडीला लागून आडवा पडला. सरळ कुशीवर, पाय लांब सोडून, डोळे अर्धे मिटून. मी हात अगदी जमिनीवरून सरकवत नेला आणि त्याच्या कपाळावर दोन बोटं ठेवली. आतून बारीक दात घासल्यासारखा आवाज यायला लागला, खूश असल्याचा. त्या क्षणी माझ्या हातानं, मला न विचारता, त्याच्या पाठीवरून कमरेपर्यंत जाऊन त्याचं वजन केलं. अडीच किलो. साफ केल्यावर दीड. मी हात झटकन मागे घेतला. तो हलला नाही. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता, आणि कसला हात आहे हा, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मला रडू आलं, मी तशीच बसून रडले, आणि तो माझ्या मांडीला टेकून झोपून राहिला.

शाहंदानं आम्हाला तसं पाहिलं ते त्यानंतर चार-पाच दिवसांनी, शाळा लवकर सुटली तेव्हा. दारात उभी राहून ती म्हणाली, “तो असा फक्त...” दप्तर टाकून खोलीत गेली, दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं, आता हीही गेली. रात्री जेवायला आली नाही. रुश्दी म्हणाला, “भूक लागली की येईल.” मी त्याला म्हणाले, “तुम्हाला सगळ्यांच्या पोटाचंच कळतं.” त्यानं बिचाऱ्यानं उठून संत्र्यांची पिशवी तिच्या दाराशी नेऊन ठेवली. वाईट माणूस नाही तो. मुलीशी काय बोलावं हे त्याला समजत नाही म्हणून तिला रोज संत्री आणतो. सकाळी तीन संत्र्यांच्या साली दाराबाहेर पडलेल्या होत्या, आणि शाहंदा गणवेश घालून माझ्यासमोर उभी होती.

“काय केलंत तुम्ही?” तिनं विचारलं.

“काही नाही. काम करत बसले.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिनं मान हलवली. त्या संध्याकाळी ती वही घेऊन फरशीवर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर, सिमसिमच्या पलीकडे, आणि गणितं करायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. शपथेवर सांगते, महिनाभर मी त्या मुलीकडे सरळ पाहिलंच नाही. तामियाचे वडे तळले की बशी तिच्याजवळ ठेवून मी उठून जायची. परत यायची तेव्हा बशी रिकामी. एकदा तिची वेणी सुटली होती आणि माझे हात शिवशिवले, पण मी सुई घट्ट धरून बसले. हातभराचं अंतर वितीवर आलं. लोक म्हणतील, मग सुखात होतीस की. मी सुखात नव्हते. मी भीत होते. गावाहून बहिणीचा फोन आला की मी रिसीव्हरवर हात धरून बोलायची, न जाणो तिनं गच्चीचा विषय काढला तर. उम्म हातेम आली की मी तिला दारातूनच कटवायची. रुश्दी चेष्टेनं ‘शहरातल्या बाईसाहेब’ म्हणाला की मी नळ मोठा सोडायची. एखाद्या दिवशी बसून सांगून टाकायचं, असं मी रोज ठरवायची. सांगायचं की बाई गं, आम्ही खायचो, मीच मारायची, पण हा तुझा आहे आणि याला मी डोळ्यांत तेल घालून जपेन. तिला समजलं असतं कदाचित. कदाचित खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळली असती. मी रोज उद्यावर टाकलं.

डिसेंबरात, एका गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, जिन्यात तिच्या धावत येण्याचा आवाज आला. ती कधी धावत येत नसे. दार उघडलं तर दोन्ही हातांत न मावणारी हिरव्या चाऱ्याची पेंढी आणि गणवेशाचा पुढचा भाग ओलाचिंब.

“बघ, बघ काय आणलं! गल्लीच्या तोंडाशी गाढवगाडी आलीय. तो म्हणाला, सशांना बरसीमपुढं दुसरं काही सुचत नाही. खरंच ताजा आहे, हात लावून बघ!”

बघ, म्हणाली. तुम्ही बघा नाही. मी हात लावला. गारेगार. टवटवीत दिसावा म्हणून गाडीवाले त्याच्यावर डबाडबा पाणी मारतात. देठांतून ते फरशीवर ठिबकत होतं. त्या वासानं मी क्षणात गच्चीवर गेले. हिवाळ्यातला पहिला बरसीम आला की आई तो गच्चीभर पसरायची, एक पूर्ण दिवस, उन्हात, मलूल होऊन मान टाकेपर्यंत, आणि तोवर आम्हा मुलींना खुराड्यांकडे फिरकायची बंदी. एका वर्षी धाकट्या बहिणीनं लाडानं दोन मुठी ओलाच टाकला. सकाळी सात ससे आडवे, पोटं चेंडूसारखी ताठ. आईनं तिला मारलं आणि तिला अडवलं का नाही म्हणून मलाही मारलं. मला ठाऊक होतं. कितीही वेळा विचारा, मी हेच सांगेन, मला ठाऊक होतं. ‘आज राहू दे, ओला आहे, उद्या देऊ,’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्यासाठी गावचं माणूस असावं लागत नाही. पण ती विचारेल, तुम्हाला कसं माहीत, असं माझ्या मनात आलं. ‘तुम्हाला’. तेवढा एक शब्द माझ्या कानात वाजला आणि जीभ टाळूला चिकटली.

“तू दे ना,” शाहंदा म्हणाली. ती माझ्या शेजारी फरशीवर बसली, खांद्याला खांदा लावून. गारठलेला, ओला खांदा. “तुझ्या हातून दे. तुझ्याकडे तो लगेच येतो.”

मी पेंढी झटकली. जोरात झटकली, पाणी भिंतीवर उडालं, ती हसली. मी स्वतःशी म्हटलं, दोन काड्यांनी काय होतंय. दोन काड्या पुढं केल्या. सिमसिम आला, कान टवकारून, माझ्या हातातून त्या ओढून घेतल्या आणि कचाकचा खायला लागला. शाहंदा टाळ्या पिटत म्हणाली, “अजून, अजून, बघ कसा वेडा झालाय!” मी अजून दिल्या. मग मूठभर दिला. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता आणि मला तो तिथून हलायला नको होता.

सहा वाजता तो कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसला. गर्गीरकडे पाहीना. मी जवळ जाऊन पोटाला हात लावला आणि बोटांना कळलं. चौकात प्राण्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा असतो, आमच्या खिडकीतून त्याची हिरवी पाटी दिसते. मी खिडकीशी दोनदा जाऊन आले. डॉक्टर विचारणार, काय खाल्लं, कधी, कुणी दिलं, तुम्हाला माहीत नव्हतं का. शाहंदा शेजारी उभी असणार. “का झोपलाय हा?” तिनं विचारलं. “पोट भरलंय,” मी म्हणाले, “सुस्तावलाय.” ती झोपायला गेल्यावर मी तेल कोमट करून त्याचं पोट चोळत बसले, आई चोळायची तसं, खालून वर, खालून वर. तो निमूट चोळून घेत होता. नऊ वाजले, पाटीचा दिवा विझला, आणि मला चक्क हायसं वाटलं, की आता जायचं का नाही हे ठरवायला नको. असली मी बाई.

शुक्रवारी सकाळी दहाला शाहंदा उठली. रुश्दी अंघोळ करून लवकरच मशिदीकडे गेला होता. सिमसिम एका कुशीवर पडला होता, पण ते पडणं वेगळं होतं. मान मागे गेलेली, श्वास तोंडानं. ती ओरडली नाही. तिनं दाराच्या कागदावरून नंबर वाचून डॉक्टरांना स्वतःच फोन लावला, आवाज मोठा करून फोन फरशीवर ठेवला आणि दोन्ही हात त्याच्या अंगाखाली सरकवले.

“काय खाल्लं होतं?” डॉक्टरांचा झोपाळू आवाज.

“बरसीम. काल दुपारी. गाडीवरचा.”

“ओला?”

“हो.”

“अहो, ओला बरसीम कुणी सशाला देतं का? खेड्यातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर सांगितलं असतं, एक दिवस सुकवल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. काल संध्याकाळी आणलं असतंत तर सुई देऊन बघितलं असतं. आता नमाजनंतर दवाखाना उघडतो, तेव्हा आणा, बघू.”

नमाजपर्यंत तो टिकला नाही. पाय एकदा ताठ झाले, तोंडातून बारीक चिरका आवाज आला, आणि तो तिच्या तळहातांवर जड झाला. मी ते जड होणं शेकडो वेळा पाहिलेलं आहे. तिनं पहिल्यांदा पाहिलं. खाली रस्त्यावर दुकानांची शटरं ओढली जात होती, कुणीतरी कुणाला मोठ्यानं हाक मारत होतं. तिनं त्याला फरशीवर ठेवलं, कान सरळ केले, आणि उरलेली पेंढी भिंतीशी पडली होती तिच्याकडे पाहत राहिली. रात्रीतून तो बरसीम सुकून मलूल झाला होता, आता द्यायला अगदी योग्य.

“मी आणला तो,” ती म्हणाली.

“तुला कुठं माहीत होतं, राणी.”

“तो माणूस म्हणाला आणि मी आणला. विचारलंसुद्धा नाही कुणाला.” तिचा श्वास अडकायला लागला. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून, सप्टेंबरातल्या त्या प्रश्नानंतर पहिल्यांदा. “तुलाही माहीत नव्हतं ना?”

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. खरं सांगितलं असतं तर तिच्या छातीवरचा धोंडा त्याच क्षणी उतरला असता. ती उठून खोलीत गेली असती, दार लावलं असतं, आणि ते दार माझ्यासाठी पुन्हा उघडलं नसतं, पण तिनं कुणाला मारलेलं नाही हे तिला जन्मभर माहीत राहिलं असतं. मला हे सगळं दिसलं, स्वच्छ दिसलं, घाईत काही केलं असं मी म्हणू शकत नाही.

“नाही,” मी म्हणाले.

मग ती आली. गुडघ्यांवर सरपटत माझ्याकडे आली, दोन्ही हात माझ्या कमरेभोवती टाकले आणि तोंड माझ्या पोटात खुपसलं, सगळा भार माझ्यावर टाकून. “मी मारलं त्याला,” ती म्हणत राहिली, “मीच मारलं, मीच मारलं,” आणि मी तिला घट्ट धरून ते म्हणू दिलं.